अंकलच्या इडलीपात्रातले स्क्रू

"बोर्ड आधीपासूनच गेलेला होता बाळा, मी तरी काय करणार?"

पडद्यापलीकडून अंकलचा आवाज आला. मी मागच्या नळावर डबा धुऊन आत येत होते, ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. पडद्याच्या फटीतून काउंटरपाशी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली ती मुलगी दिसत होती. तिचा लॅपटॉप आदल्या दिवशी मीच घेतला होता. तेव्हा तो व्यवस्थित चालू होता. पंखा घरघरतो, साफ करून द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

अंकलना खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. नालासोपारा पश्चिमेला स्टेशनपासून थोडं आत त्यांचं दुकान होतं. पूर्वी रेडिओ आणि टीव्ही, म्हणून सगळे त्यांना टीव्हीवाले अंकल म्हणत. राहायचे गासला, सायकलवरून यायचे. एकदा कुणाच्या घरी टीव्ही दुरुस्त करताना त्यांच्या हातून मागचं झाकण तडकलं. घरात कुणाचं लक्ष नव्हतं. अंकलनी स्वयंपाकघरातल्या बाईंना मुद्दाम हाक मारली आणि झाकण पुढे धरलं. "वहिनी, हे माझ्या हातून तुटलं. तुम्ही आधी ओरडून घ्या, मग मी चहा घेतो." ही हकीकत ते स्वतःच सांगायचे, आणि चहात आलं होतं हेही सांगायचे.

मी त्यांच्याकडे लागले ती बारावीनंतरच्या सुट्टीत. आमचं घर तुळिंजला. पप्पांची आणि त्यांची जुनी ओळख होती. पोरगी चार माणसांत बसेल, जरा तोंड उघडेल, असा पप्पांचा हिशेब. मी इंग्रजी शाळेतली. गिऱ्हाइकानं 'एकोणसाठ' म्हटलं की मला मनात उलटसुलट करावं लागे, तोवर गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राही आणि मी खाली. अंकल मला 'कॉन्व्हेंट' म्हणायचे. सकाळी कुलूप काढता काढता विचारायचे, "काय कॉन्व्हेंट, आज बोलणार की उद्या?" मी हसायचे. ते म्हणायचे, "चला, दात तरी दिसले."

टीव्हीची कामं कमी झाली तेव्हा त्यांनी लॅपटॉप शिकायला घेतले. दुबईचा मुलगा फोनवर सांगायचा, दुकान बंद करा, आता डोळे साथ देणार नाहीत. अंकल फोन ठेवून म्हणायचे, "त्याला काय माहीत, मी ट्रान्झिस्टर अंधारात जोडलेत." लॅपटॉप उघडण्याची इंग्रजी माहिती मी वाचून दाखवायची आणि मराठीत सांगायची. एकदा मी म्हटलं, "कीबोर्ड हळुवार उचला, असं लिहिलंय." त्यांनी हात थांबवला. "हळुवार म्हणजे किती? पाव उचलतो तेवढं, की बाळ उचलतो तेवढं?" मला सांगता येईना. त्यांनी बाळ धरलं आणि कीबोर्ड सुखरूप निघाला.

स्क्रू ठेवायला त्यांच्याकडे इडलीपात्रातली एक ताटली होती. लॅपटॉपच्या ज्या कोपऱ्यातला स्क्रू, त्याच बाजूच्या खळग्यात तो जायचा. सगळे काढून झाले असं वाटलं की अंकल ताटलीवरून बोट फिरवत. खळगा रिकामा लागला म्हणजे तिथला स्क्रू अजून आतच आहे, झाकणाला हात लावायचा नाही. डोळ्यांपेक्षा त्यांचा त्या बोटावर जास्त भरवसा होता.

त्या आठवड्यात अंकलच्या नातीचं पहिलं कम्युनियन होतं, चर्चमधला मोठा सोहळा. घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून अंकलच्या पत्नी, आमच्या आँटी, इडल्यांसाठी ती ताटली घेऊन गेल्या. पाचूबंदरच्या लॅपटॉपचे स्क्रू एका वाटीत एकत्र पडले. मी टॉर्च धरला होता. अंकलनी झाकण काढलं, मग बोर्ड उचलायला लागले. तो एका कोपऱ्यात अडला. त्यांनी जरा जोर लावला आणि टक्‌ असा बारीक आवाज झाला. एका चिकटपट्टीखाली एक स्क्रू राहिला होता. बोर्डाच्या कोपऱ्यापासून आत केसासारखी चीर गेली होती. अंकल बोर्डावर फडकं टाकून म्हणाले, "जा, तू जेवून घे."

मी जेवत असतानाच ती मुलगी आली असणार.

"मागं टेबलावर पानी सांडलं होतं माझ्याकडनं," ती आता म्हणत होती. "पुसलं होतं मी लगेच. पन आत गेलं असंल ना, अंकल?"

अंकल काउंटरवरच्या पावत्या सरळ करत राहिले.

"दादा बोटीवर असतो. त्यानं माझ्या कॉलेजसाठी घेतलाय. आल्यावर मीच सांगेन त्याला, माझ्या हातनं गेला." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती ओढणी नीट केली. "तुम्हाला उगाच त्रास दिला."

"होतं असं कधीकधी," अंकल म्हणाले.

मला त्यांच्या पाठीचा सदरा दिसत होता, घामानं चिकटलेला. त्यांना पडद्यामागे मी आहे हे कळलं असावं, कारण त्यांनी मान वळवली नाही. माझे कान तापले. लाज त्यांना वाटायला हवी होती, पण ती मलाच वाटत होती. जणू त्यांना कपडे बदलताना मी पाहिलं होतं.

पुढचं सगळं नीट झालं. त्यांनी मुंबईहून तसाच दुसरा बोर्ड शोधून आणला आणि स्वतः बसवला. टॉर्च मीच धरला. तो लॅपटॉप त्या मुलीच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत चालला, असं तिनंच नंतर सांगितलं. मला अंकल एका शब्दानंही लागेल असं बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून ते मला माझ्या नावानं हाक मारू लागले. आज बोलणार की उद्या, हेही पुन्हा कधी विचारलं नाही. सुट्टी संपली, मी कामावर जायची थांबले. दोनेक वर्षांत दुकान बंद झालं. त्यांच्या मयतीला मी गासला गेले, तेव्हा आँटींनी मला जवळ बसवून घेतलं आणि मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. आपण खरं तेच बोललो, हे मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. तरी त्यांची ती पाठ आठवली की अजून मान खाली जाते.

त्या दुपारी, 'होतं असं कधीकधी' ऐकून मुलगी जायला वळली होती. मी पडदा बाजूला केला. अंकलनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, विनंती होती. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका मोठा निघाला.

"थांब. पाण्यानं काही झालं नाही. लॅपटॉप चालू होता. तो आमच्या हातून मोडला."