साहेबाचं पाखरांचं पुस्तक आणि माझा बिस्किटांचा डबा

वाशीमच्या नाल्याकाठी आम्हा बागाईतवाल्यांचे मळे एकमेकांना लागून. भाजी विकली गेली नाही तर दोन दिवसांत सुकते, किस्से मात्र सुकत नाहीत. बाजाराच्या दिवशी गाड्या सोडून चहाला बसलो की जुने निघतात, त्यात नव्याची भर पडते. त्यातले निम्मे तरी गुलाबरावच्या पुस्तकाचे. मी सांगतोय म्हणजे त्यात थोडी जळजळ असणारच. असू द्या. जळलो होतो, तेच सांगतोय!

*

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. गावाबाहेरच्या सरकारी बंगल्यावर एक गोरा साहेब राहायचा. त्याच्या किचनमध्ये फुलगोबी जायची ती माझ्या शेजारच्या गुलाबरावची, मटार माझा. साहेबाची ट्रान्स्फर झाली तेव्हा त्याने दोघांनाही बोलावलं.

गुलाबरावला दिलं एक पुस्तक. चामड्याची बांधणी, साहेबाच्या आजाच्या वेळचं. पानापानावर हातांनी रंगवलेली पाखरं, आणि प्रत्येक चित्रावर पातळ कागदाचा पडदा. मला दिला बिस्किटांचा डबा. रिकामा!

घरी आलो. माझी बायको रुखमा झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचं पाखरू उडून गेलं वाटते!"

*

पुस्तक लाल फडक्यात बांधून गुलाबरावने देवाशेजारी ठेवलं. बघायला गावातून माणसं यायला लागली. नियम एकच. कोणीही असो, गुलाबराव म्हणायचा, "आधी हात धुऊन ये."

मीही गेलो. नाही जायचं असं ठरवूनच गेलो होतो! हात धुतले. गुलाबरावने माझे हात नाकाजवळ नेले. "किसना, कांद्याचा वास येऊन राह्यला. आणखीन धू."

पुन्हा धुतले. मग त्याने एक पान उघडलं, निळ्या मानेचं कसलंसं पाखरू दाखवलं आणि मी नीट बघतो न बघतो तोच पडदा टाकला. "बस. एका मानसाले एकच."

आमच्या लग्नात याने माझ्याच ताटातली बुंदी खाल्ली होती. तेव्हा कोणाचे हात धुतलेले होते?

*

गुलाबरावच्या पेरूंवर पोपट तुटून पडायचे. एक दिवस बघतो तर मळ्यातल्या माचावर पुस्तक उघडं! ससाण्याचं पान वर, कडेला दोन दगड. हा खाली बसलेला, गोफण बाजूला टाकून.

"हे काय बाप्पा?" मी विचारलं.

"चूप. पोपट ससाण्याले भेतात."

थोड्या वेळाने पोपट आले. एक सरळ पुस्तकाच्या कडेवर बसला आणि पेरू सोलू लागला. खरं सांगतो, त्या पोपटाला मी मनातल्या मनात हात जोडले. पण गुलाबराव हरेल तर शपथ! म्हणतो कसा, "साहेबाचा ससाणा हाय तो. आपले देशी पोपट त्याले वळखतच नाहीत!"

*

मग त्याची बायको सुंदराबाई. गोंदणारी बाई बाजारात आली तेव्हा हिने पुस्तकातला मोर हातावर गोंदवून घेतला. तेव्हापासून तराजू त्याच हाताने उचलायची. गिऱ्हाईक मोर बघायला थांबायचं आणि तिचीच वांगी घेऊन जायचं. माझी वांगी तिच्यापेक्षा सरस होती, कोणालाही विचारा.

तिसऱ्या दिवशी रुखमा म्हणाली, "मटार कायले देत होते साहेबाले? फुलगोबी नव्हती आपल्या मळ्यात?"

*

गुलाबरावच्या पोरीचं लग्न निघालं, तेव्हा धोंडू चितारी आला. लग्नघराच्या दारावर पाखरं काढायची रीत आहेच, पण त्याने पुस्तक समोर ठेवून सगळी भिंत भरली. आमच्या वाशीमजवळच्या मालेगावपर्यंत बोभाटा झाला. माझे होणारे व्याही मंगरूळपीरचे. तेही त्या लग्नाला आले होते. भिंतीपुढे उभे राहून मला म्हणाले, "किसनराव, अशीच पाखरं तुमच्या दारात पायजेत बरं. आमची मंडळी पाह्यतीन."

आणि माझ्या पोरीचं लग्न दहा दिवसांवर!

*

पुस्तक मागायला गुलाबरावकडे गेलो. पहिल्यांदा म्हणाला, "पाहू." दुसऱ्यांदा म्हणाला, "पाहू नं." लग्नाच्या आदल्या दिवशी धोंडू माझ्या ओट्यावर येऊन बसला, तेव्हा पळतच गेलो.

गुलाबराव म्हणाला, "पुस्तक सुंदराच्या माहेरी गेलं."

पुस्तक माहेरी गेलं! आणि सुंदराबाई समोर भाकरी थापत होती!

रिकाम्या हाताने परतलो. माझी चंद्रा दारात उभी होती. माझं तोंड बघून म्हणाली, "बाबा, नसली पाखरं त नसली." तिचे डोळे मात्र भरले होते. मला गुलाबरावचा असा राग आला की सांगता सोय नाही.

धोंडू म्हणाला, "पुस्तक नसलं म्हून पाखरं मेली का? रंग कालवाले कायतरी द्या." रुखमाने तो बिस्किटांचा डबा आणून आदळला.

धोंडूने एकच पाखरू काढलं, दारावर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेपटी मोराची, चोच पोपटाची, पाय बगळ्याचे, तुरा कोंबड्याचा. आणि डोळे? ते आमच्या गोऱ्ह्याचे!

वरात आली. व्याही थबकले. "हे कोनतं पाखरू म्हनाचं?"

गुलाबराव शेजारीच होता. मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "हे साहेबाच्या पुस्तकात नाही सापडनार, पाव्हणे."

पंगत बसली, तर गुलाबराव गायब! थोड्या वेळाने आला, काखेत लाल फडकं. माहेरी गेलेलं पुस्तक! मांडवाच्या कोपऱ्यात बसून पानामागून पान उलटू लागला. जिलबी झाली, मठ्ठा झाला, त्याचं ताट तसंच. शेवटी पुस्तक मिटून उठला आणि दारात माझ्यापाशी आला.

"किसना," म्हणाला, "हे पुस्तक तू ठेव. धोंडूले सांग, हे पाखरू माह्या दारावर काढ म्हना."

जे पुस्तक मला हवं होतं ते माझ्यापुढे धरून उभा होता. त्याचा दुसरा हात दारावरच्या पाखराच्या शेपटीकडे गेला. सगळा मांडव बघत होता.

मी म्हणालो, "गुलाबराव, आधी हात धुऊन ये."