घोकून घेतलेली उत्तरं

पुढच्या खोलीत पार्लर आणि पडदा सारला की पलीकडे संसार, अशी त्या बाईंच्या घराची मांडणी होती. आसपासच्या सगळ्या बायका त्यांना ताई म्हणत. भुवया कोरता कोरता ताई समोरचीला इतकं हसवत, की "ताई, थांबा हो, हसण्यात भुवई उडायची माझी" असं गिऱ्हाइकालाच म्हणावं लागे.

पडद्यापलीकडे त्यांची मुलगी असे. सात वर्षांची. घरात तिला बबडी म्हणत. केसांचे रोलर रंगांप्रमाणे ओळीनं मांडत ती तासन्‌तास बसे. पण ड्रायर सुरू झाला की दोन्ही कान दाबून मोठ्यानं गुणगुणायला लागे. एकाच सुरात, न थांबता.

"आत कोण गातंय?" एखादी विचारी.

"टीव्ही चालू राहिला वाटतं," ताई म्हणत, आणि घाईघाईनं विषय बदलत.

मुलगी स्वमग्न आहे, ऑटिझम म्हणतात तो हाच, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. ताईंनी ते कुणाला कळू दिलं नाही. नातेवाइकांसाठी बबडी लाजाळू होती, शेजाऱ्यांसाठी हट्टी. शाळेत तेवढं सांगणं भागच पडलं.

बबडीची वर्गशिक्षिका मायाळू होती. तिनंच मुख्याध्यापकांच्या मागे लागून सगळं जुळवून आणलं. "ताई, हिच्याजवळ बसायला मदतनीस शिक्षिका मिळू शकते," ती म्हणाली. "एवढ्या मुलांत मी एकटी हिच्याकडे किती बघणार? एक तज्ज्ञ बाई येतील. हिला बघतील, तुम्हालाही विचारतील. तुम्ही फक्त आहे ते सांगा."

"आणखी कोण असतं तिथं?"

"मुख्याध्यापक. आणि पालकांच्या वतीनं बँकेतल्या मॅडम. तज्ज्ञ बाई धरून तिघांची समिती."

बँकेतल्या मॅडम ताईंचं जुनं गिऱ्हाईक. टीव्हीची थाप सगळ्यांत जास्त वेळा त्यांनाच मारलेली.

त्या दिवसापासून ताईंनी मुलीला धरून बसवायला सुरुवात केली. नाव काय? कुठं राहतेस? कशी आहेस? शेवटच्या प्रश्नाला "छान" म्हणायचं आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. बरोबर आलं की एक नवा रोलर. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मुलीची मान भिंतीकडे वळली की ताई हनुवटी धरून ती आपल्याकडे फिरवत.

बबडीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. संध्याकाळी दमून आल्यावर त्यांनी हे पाहिलं. "अगं, ती मदत मागायला चाललीय ना? मग हे कशाला?"

"चारचौघांत तिनं कान दाबून जमिनीवर लोळावं असं वाटतं का तुम्हाला?"

ते हातपाय धुवायला निघून गेले.

शाळेत सगळं ताईंच्या मनासारखं झालं. इस्त्रीचा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या. विचारलेल्या प्रश्नांची बबडीनं खणखणीत उत्तरं दिली. मग तज्ज्ञ बाई ताईंकडे वळल्या. "मोठ्या आवाजाचा त्रास होतो का?"

ताईंनी बँकेतल्या मॅडमकडे पाहिलं. त्या कौतुकानं हसत होत्या.

"नाही. तसं काही नाही."

"मैत्रिणी आहेत?"

"आहेत की. पुष्कळ."

वर्गशिक्षिकेनं चमकून ताईंकडे पाहिलं. ताईंनी नजर खाली घातली.

सध्या स्वतंत्र मदतनिसाची गरज नाही, असं ठरलं. बाहेर व्हरांड्यात मॅडम म्हणाल्या, "किती गोड बोलते हो! उगाच काळजी करता तुम्ही." त्या कौतुकावर ताई दिवसभर तरंगत होत्या. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "तू तिला पास केलंस की नापास, काही कळत नाही मला."

काही आठवड्यांनी शाळेनं घंटा काढून भोंगा बसवला. पहिल्यांदा तो वाजला आणि बबडी बाकाखाली शिरली. तिथंच तिनं कपडे ओले केले. मुलं हसायला लागली, तशी ती धावत स्वच्छतागृहात बेसिनखाली जाऊन बसली. शिक्षिका एकटी, वर्ग सांभाळावा की तिला?

ताई निरोप मिळताच धावत गेल्या. मुलगी स्वतःच्या मनगटाला चावत होती. दारात उभ्या असलेल्या एका मुलीनं विचारलं, "काकू, हिला काय झालंय?"

"पोटात दुखतंय तिच्या," ताईंच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

घरी आणून त्यांनी जखम धुतली. मनगटावर दातांचे वळ, रक्त साकळलेलं. ताईंना रडू आवरेना. "बबडे, कशी आहेस गं? फार दुखतंय का?"

बबडीनं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, शिकवलं होतं अगदी तसंच, आणि म्हणाली, "छान."

आणि मग तिनं रोलरसाठी हात पुढे केला.

ताईंना तिथंच जमिनीनं गिळावं असं झालं. आजवर मुलीमुळे मान खाली जाते असं त्यांना वाटायचं. आता मुलीसमोरच मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी पार्लर बंद ठेवून त्या शाळेत गेल्या. समिती पुन्हा बसायला वेळ लागला. समोर तीच तीन माणसं.

"मागच्या वेळी मी खोटं बोलले. उत्तरं मी घोकून घेतली होती. तिला मैत्रीण नाही. एकही नाही. आवाजाचा फार त्रास होतो. माझ्या ड्रायरचासुद्धा." मग त्या मॅडमकडे वळल्या. "आतून ऐकू येतं ना, तो टीव्ही नव्हता. माझी मुलगी होती ती."

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. तज्ज्ञ बाई मात्र चिडल्या. "तुमच्यामुळे या मुलीचे शाळेचे कितीतरी दिवस फुकट गेले, कळतंय का?"

"कळतंय," ताई म्हणाल्या. सावरून घ्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

मदतनीस मिळाली, पण अर्ध्याच वेळेची. उरलेला वेळ ती दुसऱ्या वर्गातल्या एका मुलाजवळ बसे. वर्गशिक्षिकेनं भोंग्याची गाऱ्हाणी करकरून तो बंद करवला. बँकेतल्या मॅडम त्यानंतर पार्लरला आल्या नाहीत. वाटेत भेटल्या तर ओळखीचं हसत आणि पुढे जात. ताईही थांबवत नसत.

मदतनीस शिक्षिकेनं बबडीला सगळ्यांत आधी काय शिकवलं असेल, तर "नको" म्हणायला. तळहात पुढे धरायचा आणि म्हणायचं, नको.

एका सकाळी ताई तिच्या वेण्या घट्ट ओढून घालत होत्या. बबडीनं तळहात पुढे केला. "नको."

ताईंचा हात थबकला. इतकी वर्षं त्या रोज हेच करत आल्या होत्या, आणि ही मुलगी रोज दात आवळून बसत होती. बायकांच्या केसांना हलक्या हाताची म्हणून त्यांची ख्याती होती.

त्यांनी वेणी सोडली. "बरं," म्हणाल्या. बबडी मोकळ्या केसांनीच दप्तर घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली, आणि ताई चपला शोधायला लागल्या.