पुसलेला मार्क

"आउट!" कशिशने बोट वर केलं, आणि ते खाली यायच्या आत उजव्या बुटाने लाल माती सारखी केली.

मी, तिचा कोच, कुंपणाच्या जाळीमागे बसलो होतो. बॉल इन होता. चांगला अर्धा लाइनवर पडला होता. पण मी बघत होतो तिचा बूट. ती लकब माझ्या ओळखीची होती.

आधी थोडं समजावतो. क्ले कोर्टवर, म्हणजे मातीच्या कोर्टवर, बॉल पडतो तिथे ठसा उठतो. त्याला मार्क म्हणतात. आमच्या ज्युनिअर मॅचेसना अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल इन की आउट, हे खेळाडूनेच सांगायचं. वाद झाला तर रेफ्री येऊन मार्क बघतो. मार्क मुद्दाम पुसला असेल, तर पॉइंट समोरच्याचा.

अंबरनाथला मुलींची अंडर-फोर्टीन सेमीफायनल चालू होती. जिंकणारी राज्य निवडीला जाणार. टायब्रेकरमध्ये कशिश पाच-सहा मागे. बॉल आउट, तर सहा-सहा. इन, तर मॅच संपली.

समोरची बदलापूरची मुलगी नेटपाशी आली. "मार्क दाखव ना."

"पुसला गेला. पाय लागला."

"लागला? तू पोछा मारलास!"

रेफ्री आले. माती न्याहाळली, बूट न्याहाळले, मग माझ्याकडे वळले. "सर, नियमात बसत नाही, पण तुम्ही समोरच होता. पाय लागला का हो?"

वीस वर्षं मी या भागात कोचिंग करतोय. माझ्या शब्दाला मान आहे. तो मान ज्या कपावर उभा आहे, तो इंटरकॉलेजचा कप मी असाच एक मार्क पुसून आणलाय. अ‍ॅडमिशनला आलेले पालक ऑफिसात त्याला हात लावून बघतात, तेव्हा मी खाली वाकून पेन शोधत बसतो.

"बॉल इन होता," मी म्हणालो. "आणि मार्क तिने मुद्दाम पुसला."

मॅच संपली. कशिशचे वडील हरेशभाई, उल्हासनगरचे सिंधी, जीन्सचे व्यापारी, थेट अंगावर आले.

"साईं, आप किसके कोच हो? पोरगी रोज पाच वाजता उठते, और आपने एक मिनट में..."

"हरेशभाई, हे ती माझ्याकडूनच शिकली."

"क्या? चीटिंगची पण बॅच आहे तुमची?"

"बॅच नाही. रविवारी बघते ना ती."

दर रविवारी सकाळी मी आणि हरेशभाई गंमत म्हणून सिंगल्स खेळतो. कशिश बाकावर बसून बघते. चार वर्षांत मी एकदाही हरलो नव्हतो.

हरेशभाई बोटं मोजू लागले. त्यांच्या डोक्यातून एकेक रविवार जाताना मला दिसत होता.

"वो गणपतीच्या आधीवाला ड्रॉप शॉट?"

"इन."

"और मेरे बर्थडे के दिन?"

"तोही."

"बर्थडे को भी नहीं छोड़ा!"

कशिश नाक पुसत मागे उभी होती. "पप्पा, मी तेव्हाच सांगणार होते. पण सर म्हणाले होते, मॅच चालू असताना बाहेरच्यांनी बोलायचं नाही."

मला वाटलं, आता ही दुसरीकडे जाणार. सोमवारी ती हजर होती, वडिलांची एक अट घेऊन. रविवारी लाइन ती बघणार.

आता ती लाइनला लागून खुर्ची टाकून बसते. माझा बूट जरा हलला की ओरडते, "सर, पाय!" हरेशभाईंना मी तेव्हापासून हरवू शकलेलो नाही. कशिशची त्या वर्षीची राज्य निवड हुकली, ती काही मला परत आणून देता आली नाही.

नवे कोच विचारतात, क्ले कोर्टवर काय सांभाळायचं? मी सांगतो, माती सारखी करायची ती मॅच संपल्यावर, आणि ब्रशने.