उलटे खटके

त्याला सगळे शून्यमामा म्हणत. नवख्याला वाटे, शाळेत याने काही दिवे लावले नसतील म्हणून हे नाव पडलं. खरी गोष्ट अशी की नेमबाजीच्या क्लबात तीस वर्षं तो रायफलींवर दुर्बिणी बसवून त्या शून्यावर आणत होता, म्हणजे काचेतली फुली जिथे टेकेल तिथेच गोळी लागेल असं करत होता. ओळंबा सोडून फुली सरळ करायची, कड्यांचे स्क्रू थोडे थोडे करून आवळायचे आणि पाच गोळ्या झाडायच्या. त्या डावीकडे लागल्या तर बाजूचं बटण फिरवून उजवीकडे आणायच्या. बटणाचा एकेक खटका त्याच्या बोटांना मोजता येई. ते बरंच होतं, कारण दोन वर्षांपासून त्याला जवळचं धड दिसत नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीला तर नाहीच. चष्मा खिशात असे, पण चारचौघांत तो काढेल तर शपथ! वय लपवायला माणूस काय काय करतो.

लेक नेमबाज. आजची निवड स्पर्धा तिची शेवटची, कारण पुढच्या महिन्यात ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. क्लबाने तिला नवीकोरी दुर्बीण दिली होती. सकाळी मामाने ती बसवली आणि गोळ्या झाडल्या. पाचही एकमेकींना चिकटून, पण मध्यापासून दोन खटके डावीकडे. त्याने नेहमीच्या सवयीने, बटणाकडे न बघता, घड्याळाच्या उलट दिशेने दोन खटके दिले. पुन्हा झाडून खात्री करणार, तेवढ्यात रेंज मोकळी करायची घंटा झाली.

"झालं का, बाबा?"

"झालं. तू फक्त बटणाला हात लावू नकोस."

"तुमच्या कामात नाक खुपसायची माझी काय टाप!"

स्पर्धा सुरू झाली तेव्हा तो दोरीमागे बसला होता, मांडीवर दुर्बिणीचं रिकामं खोकं. लांबच्या पडद्यावर लेकीच्या पहिल्या गोळ्या उमटल्या. सगळ्या एकमेकींना चिकटून, चार खटके डावीकडे.

त्याने खोक्यातला माहितीचा कागद काढला आणि सगळ्यांच्या देखत चष्मा नाकावर चढवला. चित्रात बटण होतं आणि त्यावर गोळी उजवीकडे नेण्याचा बाण. तो बाण घड्याळाच्या दिशेने वळला होता. आयुष्यभर हाताळलेल्या दुर्बिणी एकीकडे फिरत, ही दुसरीकडे फिरत होती. दोन खटक्यांची चूक सुधारायला गेला आणि त्याने ती दुप्पट करून ठेवली.

मागून कुणी एक शब्द बोललं तरी नेमबाज बाद, असा नियम. तो उठला, पंचाने बोट वर केलं, तो बसला. लेकीने रायफलवरून गाल उचलला, तळहात पुसला, श्वास घेतला. मग तिचा हात बटणाकडे गेला. फिरव गं, फिरव, तो मनातल्या मनात ओरडला. हात अर्ध्यातूनच परतला आणि तिने रायफलचा दंडाला बांधलेला पट्टा आणखी घट्ट केला. इतकी शहाणी पोर, पण बापाचा शब्द मोडेल तर ना! चाळीसच्या चाळीस गोळ्या त्याने बघितल्या. डोळे मिटून घ्यावेत असं वाटत होतं, तेही जमलं नाही.

ती आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "सॉरी, बाबा. आज हात बसलाच नाही."

"हात नाही गं. मी बटण उलटं फिरवलं. मला जवळचं दिसत नाही, दोन वर्षं झाली."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि रडता रडता हसली. "माझी समजूत घालायला एवढं सोंग? आणि हा कुणाचा चष्मा मागून आणलात?"

"माझा आहे. हे बघ, कागदावर बाण..."

"पुरे हं, बाबा. हरले ते मी हरले. त्यासाठी तुम्ही स्वतःच्या कामाला नावं ठेवू नका."

तिने कागद त्याच्या हातातून घेतला, न वाचताच त्याची घडी घातली आणि तो रायफलच्या पेटीत टाकला. मग एका हाताने पेटी उचलली, दुसऱ्याने त्याचा दंड धरला आणि ती त्याला गर्दीतून जपून बाहेर नेऊ लागली.