पाळ फुटली ते साल

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. मी — ज्यानं एका मासोळीच्या चाळीस गोष्टी केल्या, त्यानं. माझी मरळ सकाळी हातभर असते, दुपारच्या चहापर्यंत पुरुषभर होते, आणि बाजाराच्या दिवशी तिनं माझा डोंगा वल्ह्याविना ओढत साकोलीला नेलेला असतो. गावात माझं कोणी खरं धरत नाही. धरूही नये.

धर्मा माझा जाळ्यातला जोडीदार. त्याची वैशू शाळेतून आली की दप्तर तलावाच्या पाळीवर टाकून माझ्यापाशी बसायची. माझी मासोळी मोजणारी ती एकटीच. “काकाजी, काल तं दोन हात होती. रातभर काय खाऊन राहिली होती?” नववीत होती. दहावी करून लाखांदूरला कॉलेजात जाईन म्हणायची. गणितात पक्की — हे मी वाढवून सांगत नाही.

तर — तिचं लग्न ठरलं. कोणीतरी कळवलं, आणि हळदीच्या दिवशी ग्रामसेवक मांडवात आला. नवीन माणूस, गाव माहीत नसलेला. अठराची नसेल तर लग्न थांबवतो म्हणाला. धर्मानं सांगितलं, शाळेतली तारीख गुरुजींनी अंदाजानं टाकली. पोरगी घरी झाली, दुसरा कागद नाही. मग साहेबानं म्हाताऱ्यांना विचारलं — साल कोणतं? आमच्याकडं वय असंच मोजतात. तलावाची पाळ फुटली त्याच्या आधीचं, की नंतरचं? तो बांध फुटून अठरा वर्षं झाली होती, हे सरकारी कागदातही होतं.

म्हातारे बोटं मोजू लागले. धर्मानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, हे नीट लिहून ठेवतो. पाहिलं ते वैशूनं. पिवळ्या तोंडानं हळूच म्हणाली, “काकाजी, तुमाले मालूम हाये. सांगा ना.”

हजार माणसं माझ्याकडं वळली. हजार? — तीसेक असतील. मी खाली पाहत बसलो असतो तरी कोणी काही म्हटलं नसतं. मग का बोललो? धर्मासाठी? नाही हो. एवढी माणसं एकदम ऐकायला तयार होती — एवढंच. खरं सांगायला चार शब्द लागले असते. चार शब्दांत काय मजा?

“पाळ फुटली त्याच दिशी झाली हे पोरगी,” मी म्हणालो. “सुईणीले म्या पाठीवर घेऊन पोहत आणलं, साहेब. बाजेखाली मरळी फिरून राहिल्या होत्या.” मांडव हसला. साहेबही हसला. त्यानं लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेला. जन्मात पहिल्यांदा माझं कोणी खरं धरलं. वैशू तेवढी हसली नाही.

चार-पाच वर्षांनी ती माहेरी आली. एक पोर कडेवर, एक हाताशी. पाळीवर येऊन बसली. मी मरळीची गोष्ट काढली — चार हात, सहा हात, मग मुद्दाम डोंग्याएवढी केली. थांबलो. वाट पाहिली.

“असन, काकाजी,” ती म्हणाली, आणि पोराचं नाक पुसलं.

तेव्हापासून माझी मासोळी कोणी मोजत नाही. पाळीवर एकटा बसतो, आणि ती वाढत जाते.

पाळ फुटली त्याच्या तीन वर्षांनी वैशू जन्मली. लग्नात ती पंधरा वर्षांची होती. मला माहीत होतं.