सतराव्या ओढीला सुरू होणारी गाडी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरातली एखादी वस्तू बिघडते, तिच्याभोवती दोन-तीन माणसं उभी राहतात, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत असतं. एवढं झालं की पुरे. आमच्याकडे ती वस्तू म्हणजे आमची जुनी स्नोमोबाइल. बर्फावरची मोटारसायकलच म्हणा. सुरू करायला एक दोरी ओढायची असते, आणि थंडीत ती गाडी काही केल्या उठत नाही.

हे रिटायर झाल्यावर आम्ही श्रूजबरी गाव सोडून न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात राहायला आलो. शेजारी नागपूरचे डॉक्टर जोशी. जोशीवहिनी थंडी पडली की एडिसनला लेकीकडे जातात, त्या होळीलाच परततात. टेकडीपलीकडे पुण्याची स्नेहल आणि तिचा नवरा. म्हणजे डिसेंबरात आमच्या भागात माझ्याशिवाय सवाष्ण एकच, स्नेहल. माझं मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं व्रत लग्नापासून कधी मोडलेलं नाही, आणि सवाष्णीची ओटी भरल्याशिवाय माझं उद्यापन पुरं होत नाही. बर्फाने रस्ता बंद झाला की टेकडीपलीकडे जाणारी ही एकच गाडी. तेव्हा ती सुरू होण्याची काळजी या पुरुषांपेक्षा मलाच जास्त!

*

पहिल्या हिवाळ्यात गाडी उठेना. ह्यांना आणि डॉक्टरांना एकदम आपापली कॉलेजची स्कूटर आठवली. स्कूटर सुरू होत नसली की आपण काय करायचो? आडवी करायचो! झालं. दोघांनी जोर लावून ती अवजड गाडी बर्फात कुशीवर पाडली. आता सरळ काही होईना.

तेवढ्यात रस्त्यापलीकडचा म्हातारा वॉल्टर हातात फावडं घेऊन धावत आला आणि गाडीच्या कडेने भराभर बर्फ उपसू लागला. हे म्हणाले, अहो, काय शोधताय?

वॉल्टर धापा टाकत म्हणाला, "आधी सांगा, खाली कोण अडकलंय?"

*

हे इंजिनियर. त्यांनी वही घातली. तापमान किती, चोक अर्धा की पूर्ण, दोरी किती वेळा ओढली, सगळं लिहायचं. महिन्याभराने निष्कर्ष निघाला, की कडक थंडीत गाडी साधारण सतराव्या ओढीला सुरू होते. हे फार खूष होते. डॉक्टरांना बोलावून वही दाखवली.

डॉक्टरांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि शांतपणे विचारलं, "मग उगाच पहिल्या सोळा कशाला ओढता?"

*

डॉक्टरही कमी नाहीत. एकदा ते गळ्यात स्टेथोस्कोप घालून आले. ह्यांना दोरी ओढायला लावली आणि स्वतः बर्फात गुडघे टेकून इंजिनला नळी लावून ऐकत बसले. चांगली पाच मिनिटं. मी चहा घेऊन उभी.

शेवटी उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "वहिनी, पेशंट जिवंत आहे. उठायची इच्छा नाही एवढंच."

*

एक फजिती माझीही. दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करते, तशी हिची केली. हळद-कुंकू वाहिलं, फुलं वाहिली, हँडलला लाल नाडा चांगला घट्ट बांधला. पुढे पहिला बर्फ पडला. दोन दिवस दोघं दोरी ओढतायत. प्लग बदलले, पेट्रोल बदललं, कार्ब्युरेटर उघडून धुतला. ठिणगीच पडेना. शेवटी वॉल्टरला बोलावलं. त्याने हँडलवर हात फिरवला आणि हसायलाच लागला. इंजिन बंद करायचं लाल बटण माझ्या नाड्याखाली दबून बसलं होतं!

पुढच्या दसऱ्याला ह्यांनी गाडीपासून चार फुटांवर पाट ठेवला आणि म्हणाले, "अक्षता इथूनच टाक."

*

मागच्या वर्षी मी अगदीच कंटाळले आणि गणपतीला बोलले, एकदा पहिल्या ओढीला सुरू होऊ दे, एकवीस मोदक करीन. दुसऱ्याच सकाळी ह्यांनी मला मुद्दाम बाहेर बोलावलं, दोरी ओढली, आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू! माझे तर हात जोडले गेले. मोदक झाले. त्यातले अकरा डॉक्टरांनीच खाल्ले.

दुपारी शेडमध्ये गेले तर कोपऱ्यात माझी जुनी गोधडी गुंडाळून ठेवलेली, शेजारी मोठा बल्ब आणि वायर. गोधडीला पेट्रोलचा वास येत होता. दोघांनी पहाटेपासून इंजिनला गोधडी पांघरून शेकत बसवलं होतं.

मी रागावले नाही. तेवढी बुद्धी तरी त्यांना कुणी दिली? मोदक गणपतीला पोचलेच.

*

आणि हा यंदाचा. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आदल्या दिवशी एवढा बर्फ पडला की टेकडीचा रस्ता बंद. सकाळी कलश मांडला, कहाणी वाचली. पुरणाचा नैवेद्य तयार होता. राहिली होती फक्त सवाष्ण. स्नेहलचा फोन आला, काकू, मी साडी नेसून बसलेय, काकांना पाठवा.

काका गाडीशी झगडत होते. सतरावी ओढ झाली, तिसावी झाली. वॉल्टर आला, त्याने कसलासा स्प्रे मारून पाहिला. काही नाही. डॉक्टर म्हणाले, वहिनी, देवी समजून घेईल, व्हिडिओ कॉलवर ओटी भरा. माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत चुकलं नव्हतं.

मग मी तशीच, नऊवारीवर जाकीट चढवून, पायांत बूट घालून बाहेर गेले. ह्यांनी दोन्ही प्लग काढून दाखवले. पेट्रोलने ओलेचिंब. आणि मला माझे वडील आठवले. पावसाळ्यात स्कूटर अडली की ते प्लग पुसून आईच्या तव्यावर शेकायचे, आणि आई ओरडायची.

माझ्या स्वयंपाकघरात तर सोवळं होतं. नैवेद्य अजून दाखवायचा होता. क्षणभर उभी राहिले. मग म्हटलं, सवाष्ण घरी आणायलाच तर चाललंय सगळं. ह्यांना सांगितलं, "प्लग चांगले पुसून आणा. आणि हात धुऊन आत या."

पुरणपोळीचा तवा अजून तापलेलाच होता. देवीला नमस्कार करून दोन्ही प्लग त्यावर ठेवले. तोवर बाहेर डॉक्टरांनी प्लगशिवाय दोरी ओढून ओढून आतलं पेट्रोल उडवलं. गरम प्लग फडक्यात धरून हे धावत गेले, बसवले. मी दारातून ओरडले, रेस देऊ नका, नुसती दोरी ओढा! तिसऱ्या ओढीला गाडी उठली.

अर्ध्या तासात स्नेहल आली, पैठणीवर हेल्मेट घालून. तिची ओटी भरली. वॉल्टरलाही पुरणपोळी वाढली, गुरुवारचं व्रत, सोवळं आणि तव्यावर शेकलेले प्लग, सगळं समजावून सांगितलं. तो मात्र जेवताना सारखा वळून त्या तव्याकडे बघत होता.

तीन दिवसांनी, रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. उघडलं तर वॉल्टर. चाळीस वर्षं इथल्या सगळ्यांच्या गाड्या सुरू करून देणारा माणूस. बूट बाहेर काढून मोजे घालून उभा, हात ओले, नुकतेच धुतलेले. पांढऱ्या स्वच्छ फडक्यात गुंडाळलेले दोन प्लग त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले आणि हळूच विचारलं,

"आज गुरुवार नाहीये. चालेल ना?"