मोरीतली पोती

देवखडीच्या फाट्यावर चन्नप्पांचं किराणा दुकान आहे. परळीकडं जाणारी एसटी तिथंच थांबते, त्यामुळं दुकानापुढच्या बाकड्यावर कुणी ना कुणी टेकलेलं असतंच. चन्नप्पांच्या कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज कधी चढलेला कुणी ऐकलेला नाही. वजनात मारणं या माणसाला माहीत नाही, असं गावच बोलायचं. कुणाच्या पोरीची सोयरीक असो, नाही तर भावाभावांतला बांधाचा तंटा असो, लोक म्हणायचे, आधी आप्पांना विचारू.

दुकानाच्या मागं थोडं चालून गेलं की त्यांचं रान लागतं. रान म्हणजे माळाचा खांदाच. धरणाच्या कालव्यातून फुटलेली चारी या रानाला घासून पुढं जाते, पण रान चारीपेक्षा किंचित उंच. चारी भरून वाहिली तर पाणी बांधातल्या तोंडातून, म्हणजे रानात पाणी घ्यायच्या वाटेतून, आपसूक आत शिरायचं. वरून कमी सुटलं की तोंडाच्या खालून जायचं. नुसतं दिसायचं, आणि निघून जायचं.

पुढं ही चारी माळ उतरते, ओढ्याच्या कडेनं वळसे घेते आणि उंबरदऱ्याच्या वस्तीवर संपते. त्या शेवटच्या टोकाला सगळे टेल म्हणतात. तिथली जमीन मुरमाड, वर हातभर माती, विहिरी संक्रांतीलाच तळ दाखवणाऱ्या. त्या लोकांची सगळी भिस्त चारीवर. पण चारीचं पाणी आधी कमी झालं, मग धरणातून पाणी सोडायच्या एखाद्याच पाळीला यायला लागलं, आणि पुढं आलंच नाही.

चारीवरच्या शेतकऱ्यांची पाणीवापर संस्था झाली तेव्हा अध्यक्ष कोण, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. बैठकीत टेलचे म्हातारे मुंजाजी हळूच उभे राहायचे. म्हणायचे, "आप्पा, आमच्याकडं पानी येतच न्हाई." चन्नप्पा म्हणायचे, "वरूनच कमी सुटतंय, मुंजाजी. मी बोलतो साहेबांशी." आणि खरोखर जायचे. पाटबंधारे खात्यातल्या साहेबांच्या टेबलापुढं उभं राहून टेलसाठी भांडायचे. ते ऐकून टेलच्या लोकांनी एकदा त्यांना शाल-नारळ दिला होता, आणि चन्नप्पांनी तो घेतला होता.

वरून पाणी कमी सुटत होतं, हे खोटं नव्हतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

चन्नप्पांच्या रानाच्या तोंडाच्या थोडं खाली चारीवरून गाडीवाट जाते आणि चारी तिथं मोरीतून, म्हणजे वाटेखालच्या पुलाच्या नळातून पलीकडं निघते. काही वर्षांपूर्वी ऊस डोळ्यांपुढं करपायला लागला तेव्हा त्यांनी दोन-चार पोती मातीनं भरली आणि मोरीत सारली. पाणी तुंबलं, चढलं, तोंडातून रानात आलं. संध्याकाळी त्यांनी पोती काढून बांधावर ठेवली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं. पुढच्या पाळीला पुन्हा घातली, काढायला उशीर झाला. वर्षभरानं काढली, पण सगळी नाही. खालचा थर तसाच राहू दिला, दर वेळी कोण वाकणार म्हणून. मग हळूहळू ती पोती तिथलीच झाली. गाळ बसला, गवत आलं.

आणि चन्नप्पा ती विसरले. अगदी विसरले असंही नाही. मुंजाजी बोलायला उभे राहिले की त्यांच्या मानेमागं काही तरी तापल्यासारखं व्हायचं. पण साहेबांपुढं भांडताना त्यांना आपला शब्दन् शब्द खरा वाटायचा.

यंदा दिवाळी झाली, रब्बीची पहिली पाळी सुटायची होती. टेलची माणसं दरवर्षी आपल्या हद्दीतली चारी साफ करतात. या वेळी नबी म्हणाला, आपण वरपर्यंत साफ करत जाऊ. नबी वडवणीला मोटारी दुरुस्त करतो, टेलला त्याचं थोडं रान आहे. सगळे खोरी-टोपली घेऊन निघाले ते मोरीपाशी आले. नबी सरपटत आत गेला आणि गाळ समजून ओढायला लागला तर हाताला पोती लागली. चिखलानं काळी झालेली, प्लास्टिकची म्हणून अजून टिकलेली. पुरात वाहून आली असतील, असं सगळ्यांना वाटलं. माती ओतून टाकली. शेळ्यांना आडोसा होईल म्हणून नबीच्या बायकोनं, जरीनानं ती घरी नेली आणि धुतली. धुतल्यावर निळी शाई वर आली. मोंढ्याच्या बाजारातून माल निघताना हमाल पोत्यावर ज्याचं त्याचं नाव घालतात. एकेका पोत्यावर लिहिलं होतं: चन्नप्पा, देवखडी.

हे सगळं चन्नप्पांना मागाहून कळलं. त्यांना दिसलं ते एवढंच, की सकाळच्या गर्दीत नबी, जरीना आणि मुंजाजी दुकानापुढं आले. अंगणवाडीच्या शिवकन्याबाई साखर घेत होत्या. चन्नप्पा म्हणाले, "या, या. लई दिवसांनी." जरीनानं काखेतला गठ्ठा काउंटरवर ठेवला. धुतलेली, वाळवलेली, नीट घड्या घातलेली पोती.

"तुमची हायेत, आप्पा," नबी म्हणाला. "मोरीत घावली. नाव हाय तुमचं."

साखरेचं माप चन्नप्पांच्या हातात तसंच राहिलं. शिवकन्याबाईंनी पोत्यांकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं, मग बाहेर रस्त्याकडं. चन्नप्पांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते खोटं होतं.

"चोरीला गेलती," ते म्हणाले. "मागं पडलेली असतेत. कुनी बी उचलून नेतं."

"व्हय, तसंच असंल," मुंजाजी लगेच म्हणाले. "आमी बी तेच म्हनलो. ज्याची वस्तू त्याला द्यावी, म्हनून आलो."

म्हाताऱ्याचा चेहरा सरळ होता. त्यांनी खरंच विश्वास ठेवला की आपल्याला वाट काढून दिली, हे चन्नप्पांना त्या वेळी कळेना. दोन्हींपैकी कुठलंही असलं तरी त्यांना उभं राहणं जड जात होतं.

आतल्या दारात दानम्मा येऊन उभ्या होत्या, त्यांच्या कारभारीण. त्यांनी पुढं होऊन एक पोतं उचललं आणि तोंडाशी लोंबणारा सुतळीचा तुकडा बोटानं चाचपला. दाभणानं घातलेला टाका त्यांचाच होता. "बसा, च्या टाकते," असं पाहुण्यांना म्हणून त्या आत गेल्या. चहा झाला. जरीनानं बशी धुवायला म्हणून आत नेली, पण दानम्मांनी ती तिच्या हातातून घेऊन स्वतः धुतली. माणसं एसटीनं निघून गेली.

दुपारी दुकानात कुणी नसताना दानम्मा एवढंच म्हणाल्या, "पोती शिवून घेताना बांध खचलाय, म्हनला होता तुमी."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यांनी ताट वाढलं, पाणी दिलं, कपडे धुतले, पण शेजारी बसून बोलणं बंद केलं.

दोन दिवस चन्नप्पा दुकानात बसले. कुणी हसलं की वाटायचं, आपल्यावरच. शिवकन्याबाई मीठ घ्यायला आल्या, तर चन्नप्पांनी वजन पुन्हा करून दाखवलं. बाईंनी ते नको असताना पाहिलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकान दानम्मांवर सोडलं आणि चारी धरून खाली चालायला लागले. मोरीच्या पुढं ते कधी पायी गेले नव्हते. टेलला गेले ते नेहमी गाडीतून, रस्त्यानं, सत्काराला नाही तर लग्नाला. त्यांच्या रानापाशी चारीत कंबरभर गवत, बेशरमाची झुडपं, कडा ढासळलेल्या. मोरी ओलांडून माळ उतरायला लागले तशी चारी बदलत गेली. खालच्या अंगाला तिचा तळ अंगणासारखा स्वच्छ होता. कडेला खोऱ्यानं सारखी केलेली माती, फुटलेल्या जागी दगड बसवून वर लिंपलेलं. एक काडी नाही, एक दगड आडवा नाही. आणि पाण्याची खूणही नाही. शेवाळ नाही, गाळ नाही, ओल नाही. चांगली लिंपलेली, कोरडी ठणठणीत चारी उन्हात पडली होती. चन्नप्पा तिच्या काठावर बसले. कुणी मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

शेजारच्या रानात मुंजाजी तुरीत फिरत होते. ते आले आणि जवळ टेकले.

"दरसाल एवढी साफ कावून करता?" चन्नप्पांनी विचारलं. "पानी तर येत न्हाई."

"आलंच, तर अडायला नको," मुंजाजी म्हणाले.

तिथंच सांगून टाकावं, असं चन्नप्पांच्या ओठांवर आलं होतं. पण म्हाताऱ्यानं तंबाखूची चंची पुढं केली, आणि ते राहून गेलं. परत येताना माळ चढताना ते स्वतःला शिव्या देत होते, की एवढी सोपी जागा मिळाली होती, तीही घालवली.

मग संस्थेची बैठक आली. शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजीवर सगळे बसले होते, हेडचे, म्हणजे चारीच्या वरच्या अंगाचे, एका बाजूला, टेलचे एका बाजूला. चन्नप्पा म्हणाले, "मला अध्यक्षपदातून मोकळं करा." लोकांना वाटलं, वय झालं म्हणून म्हणतायत. चारी बाजूंनी सुरू झालं: आप्पांशिवाय कोण, आप्पांसारखा माणूस हाय का, सच्चा माणूस. जेवढं कौतुक वाढत गेलं तेवढं चन्नप्पांना बसवेना. शेवटी ते उठले.

"मोरीत पोती मीच घातलती," ते म्हणाले. "चोरीला गेली न्हवती. लई वर्सं घालत आलो. टेलचं पानी मी अडवलं, आन् टेलसाठी भांडायला बी मीच गेलो."

हेडचा एक जण, धुळाजी, सतरंजीचे दोरे उपटत बसला. त्याच्याही बांधापाशी, चारी साफ होऊन गेल्यावर, दगड पुन्हा आडवे पडले होते, हे चन्नप्पांना माहीत होतं. पण ते बोलायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं.

मुंजाजी बसल्या जागेवरूनच बोलले. "मला त्याच दिशी कळलंतं, आप्पा. पोत्याला पाय न्हाईत. तुमी आज सांगितलं, बरं केलं. पर सांगून आमची गेलेली पिकं येत न्हाईत."

"म्हनून तर सोडतो म्हनतो."

"सोडू नका. नवा मानूस येईल, त्याला साहेब वळखनार न्हाई. तुमीच राहा." मुंजाजींनी नबीकडं पाहिलं. "फकस्त, पाळी सुटली की आमचा एक मानूस तुमच्या मोरीवर बसंल. दर पाळीला. त्याचा राग धरू नका."

चन्नप्पांनी मान हलवली. पद काढून घेतलं असतं तर दुकानात तोंड लपवून तरी बसता आलं असतं. आता दर बैठकीला अध्यक्षाच्या जागेवर बसायचं होतं, आणि सगळ्यांना माहीत असताना बसायचं होतं.

पाळी सुटली. चन्नप्पांनी आपल्या रानाचं तोंड स्वतः बंद केलं आणि पाण्याच्या पुढच्या धारेबरोबर चालत खाली गेले. पाणी गवताच्या काड्या, शेणाच्या गोवऱ्या, पाचोळा ढकलत माणसाच्या चालीनं पुढं सरकत होतं. मधे धुळाजीच्या बांधापाशी दगड नव्हते. कधी काढले, कुणी पाहिलं नाही. स्वच्छ तळाच्या चारीत पाणी शिरलं तसं ते पळायलाच लागलं. टेलला पोचले तेव्हा तिथं कुणाला त्यांच्याकडं बघायला सवड नव्हती. पुरुष, बाया खोरी घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात पळत होत्या.

"आप्पा, बाजूला व्हा जरा," जरीना म्हणाली. "पाटाच्या दंडात उभे हायेत तुमी, पानी फुटायलंय."

ते बाजूला झाले. कुणी बसा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. थोडा वेळ थांबून ते परत फिरले.

त्यांचा ऊस त्या वर्षी निम्मा वाळला. पुढं त्यांनी तो मोडून हरभरा केला. माळाच्या खांद्यावर तोच येतो, हे वडिलांच्या वेळेपासून त्यांना ठाऊक होतं. दानम्मा आता पुन्हा बोलतात, पण पोती शिवायची वेळ आली की दाभण त्यांच्यापुढं ठेवतात आणि उठून जातात.

पाळीला अजूनही टेलचा माणूस येतो. बहुतेक वेळा नबीच. दोघं गाडीवाटेच्या कडेला बाभळीखाली बसतात. दुकानातून आणलेला चहा पितात, मोटारींचं, पावसाचं, वडवणीच्या बाजाराचं बोलतात. नबी अदबीनं बोलतो, मागचं कधी काढत नाही. जायची वेळ झाली की तो पायजमा गुडघ्यावर चढवून चारीत उतरतो, वाकून मोरीत खांद्यापर्यंत हात घालतो आणि आतला तळ नीट चाचपून पाहतो. तो वर येईपर्यंत चन्नप्पा माळाकडं बघत बसतात.